जावळाच्या भारोभार

नातीच्या जन्मानंतरच्या एकवीस दिवसांत मी तीन काटे जवळून पाहिले.

पहिला दवाखान्यातला. हिरव्या कापडात गुंडाळलेलं ते गाठोडं नर्सबाईंनी तबकात ठेवलं, काट्यानं 2 किलो 600 ग्रॅम दाखवले आणि त्या म्हणाल्या, “बरंय की वजन.” दुसरा काटा आठवडी बाजारातला, लोखंडी पिंजऱ्यासारखा. हल्ली बकरं नुसतं कमरेला चाचपून कुणी घेत नाही. जनावर पिंजऱ्यात चढवायचं, आकडा बघायचा, किलोच्या भावानं नोटा मोजायच्या. आमचं बोकड उस्मानाबादी, काळंभोर, 29 किलो भरलं. तिसरा काटा सोनाराचा, काचेच्या पेटीतला. त्या काट्यावर जे ठेवलं, त्याच्यासाठी हे सगळं सांगायला बसलोय.

आमच्यात मूल जन्मलं की अकीका करतात. सातव्या दिवशी, नाही जमलं तर चौदाव्या, एकविसाव्या, तेही हुकलं तर जमेल तेव्हा. त्या दिवशी बाळाचं नाव पक्कं होतं, डोकं भादरतात, बकरा हलाल होतो आणि उतरवलेल्या केसांच्या भारोभार चांदी खैरात करतात. चार कामं, एक दिवस. लोकांच्या लक्षात मात्र बकराच राहतो, कारण पंगतीत तोच असतो.

आमचं घराणं मुलाण्याचं. गावगाडा ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. मशिदीची देखभाल, बांग, लग्न-मयत ही कामं मुलाण्याकडे, आणि सुरीही मुलाण्याकडेच. आजोबांना आम्ही बडे अब्बा म्हणायचो. गावात कुणाच्या घरी बोकड पडायचं असेल तर आदल्या दिवशी निरोप यायचा, “मुलाणी, उद्या पोराचं जावळ हाय. येरवाळी या.” माळावर म्हसोबापुढं मामाच्या मांडीवर ते पोर बोंब ठोकत बसलेलं असायचं, न्हावी कात्री चालवायचा, हळदीकुंकवानं माखलेलं बोकड बाभळीला बांधलेलं असायचं. बडे अब्बा बिस्मिल्लाह म्हणून सुरी फिरवायचे. म्हसोबाची त्याला कधी हरकत नव्हती आणि बडे अब्बांचीही नव्हती. मुलाण्याचा ठरलेला वाटा पळसाच्या पानात बांधून संध्याकाळी आमच्या घरी यायचा.

लहानपणी त्यामुळं माझी पक्की समजूत होती की जावळ आणि अकीका ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. आई आणि अम्मी असावी तशी. पुढं चार पुस्तकं वाचली, फरक कळले, आणि आपण अडाणी होतो असं वाटायला लागलं. मग आणखी वाचलं तेव्हा उमगलं की पोरवयातली समजूत तितकी चुकीची नव्हती. अरबीत ‘अक्क’ म्हणजे चिरणं, कापणं. ढग चिरत जाणाऱ्या विजेच्या रेषेलाही अकीका म्हणतात. बाराशे वर्षांपूर्वी बसऱ्याला अस्मई नावाचा भाषापंडित होऊन गेला. तो म्हणतो, मूल पोटातून डोक्यावर घेऊन येतं ते केस म्हणजे मूळचा अकीका. ते केस उतरवताना कापलं जाणारं जनावर नंतर त्या नावाला चिकटलं. म्हणजे जावळच की! अरबीच्या पंडितानं जे समजावलं ते आमच्या माळावरच्या बाभळीला आधीच ठाऊक होतं.

याच धातूपासून ‘उकूक’ असाही शब्द निघतो. आईबापाशी नातं तोडणारी, त्यांना दुखवणारी अवलाद जे करते ते. अकीक्याबद्दल विचारलं तेव्हा पैगंबरांनी, अल्लाहला उकूक आवडत नाही, एवढंच म्हटल्याचं एका हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदीत, येतं. ऐकणाऱ्यांना वाटलं की त्यांना हा शब्दच रुचला नसावा. एकाच मुळातून मुलाचं पहिलं कौतुकही निघावं आणि मुलानं दिलेला शेवटचा घावही, हे कुणाही बापाला क्षणभर थांबवणारं आहे.

माझी सून कोकणातली, चिपळूणच्या बाजूची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण शेवटच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता घाट उतरू नका. मग विहीणबाईच कुंभार्ली घाट चढून आल्या, सोबत नारळांचं पोतं आणि शाफई शिस्त घेऊन. आम्ही देशावरचे हनफी पंथाचे. आमच्या इमामांच्या मते अकीका केला तर चांगलं, नाही केला तर पाप नाही. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. त्यांच्याकडं ती ताकीद दिलेली सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, ऐपत असताना टाळायची नाही. आमच्या घरात ‘करू की सवडीनं’ असं चाललं होतं. विहीणबाईंनी बाळंतिणीच्या खाटेशेजारी बसून बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाल्या, “भाईसाब, सातवा गेला, चौदावा गेला. एकविसावा शुक्रवारी आहे.” विषय संपला.

बोकड आणून परसात बांधलं त्या संध्याकाळी सून उंबऱ्याच्या आत उभी राहून त्याच्याकडं बघत होती. मग मला म्हणाली, “अब्बा, मुलगा झाला असता तर दोन आणली असती ना?”

मी हो म्हणालो. माझ्या मुलाच्या वेळी दोनच होती. उम्मे कुर्ज नावाच्या बाईंनी सांगितलेली हदीस आहे, मुलासाठी दोन, मुलीसाठी एक. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या तसंच चालत आलंय.

“दुसरं आणा म्हणत नाही मी,” ती म्हणाली. “हे एकच मला बघवत नाहीये. नुसता हिशोब विचारतेय.”

ती बँकेत नोकरी करते. हिशोब हा शब्द तिच्या तोंडी शिव्याशापासारखा येत नाही, साधेपणानं येतो. म्हणूनच तो जास्त लागला. मौलवी देतात ती उत्तरं मला पाठ होती. वारशात मुलाचा वाटा दुप्पट, जबाबदारीही दुप्पट, म्हणून शुक्रियाही दुप्पट, वगैरे. वीस दिवसांची लेक खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या आईला ते सांगायला माझी जीभ उचलली नाही. “बघून सांगतो,” म्हणालो. शाळामास्तरकीच्या तीस वर्षांत हे वाक्य मी बरंच वापरलंय.

रात्री पुस्तकं काढली. मदिनेच्या इमाम मालिकांचा मुवत्ता हा हदीसच्या सगळ्यात जुन्या संग्रहांपैकी एक. त्यातलं अकीक्याचं प्रकरण जेमतेम दोन-तीन पानांचं. त्यात अब्दुल्लाह इब्न उमर आहेत, ते घरातल्या कुणीही मागितलं तर अकीक्याला बकरं द्यायचे, मुलगा असो की मुलगी, एकेकच. उर्वा इब्न जुबैर आहेत, तेही मुलगे-मुली दोघांना एकेक. स्वतः इमाम मालिकांचा निवाडा तोच, एकाला एक. दुसरीकडं अबू दाऊदच्या संग्रहात पैगंबरांनी हसन आणि हुसैन या नातवांसाठी एकेक मेंढा दिल्याचं येतं, आणि नसाईच्या संग्रहात दोन-दोन दिल्याचं. म्हणजे खुद्द त्या नातवंडांच्या बाबतीतही जनावरांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो.

त्याच मुवत्तात, त्याच प्रकरणात, एक बारकी नोंद आहे. पैगंबरांच्या लेकीनं, फातिमानं, आपल्या मुलांचे केस तोलले आणि त्यांच्या भारोभार चांदी दान केली. कुणाकुणाचे केस? हसन, हुसैन, जैनब आणि उम्मे कुलसूम. दोन मुलगे, दोन मुली. आकडा एकाचाही नाही. तिरमिजीच्या संग्रहात मात्र हसनच्या केसांचं वजन एक दिरहम किंवा त्याहून कमी भरल्याचं आहे. दिरहम म्हणजे आजच्या मापानं जवळजवळ तीन ग्रॅम चांदी.

बोकडांचा हिशोब मी किती तरी वेळा ऐकला होता. मशिदीत, लग्नाच्या पंगतीत, वादावादीत. या नोंदीवरून मात्र नजर नुसती घसरत गेली होती. आपल्याला पाहिजे तेवढंच आपण वाचतो, आणि बहुतेक वेळा पाहिजे असतो तो रस्सा.

दुसऱ्या दिवशी सुनेला एवढंच सांगितलं की एक शब्द सापडलाय, तुझ्या बँकेतला. समुरा नावाच्या सहाबींची, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांची, हदीस आहे. प्रत्येक मूल आपल्या अकीक्यापाशी ‘रहीन’ असतं. रहीन म्हणजे गहाण पडलेलं. ती हसली. “म्हणजे तारण सोडवून आणायचं?” तसंच. त्या शब्दाचा अर्थ लावताना आलिमांची शतकं गेली. इमाम अहमद इब्न हंबल म्हणाले, अकीका न होता मूल दगावलं तर ते कयामतीच्या दिवशी आईबापाची शिफारस करू शकत नाही. हे वाचताना मला त्या काळची घरं दिसली. दहा जन्मायची, त्यातली किती जगायची? मूल आपलं आहे हे सात दिवस म्हणायचंच नाही. ते कुणाच्या तरी ताब्यात आहे, सोडवून आणेपर्यंत त्याच्यावर हक्क सांगायचा नाही. आपल्याकडं पाचवीला सटवी येऊन लिहून जाईपर्यंत जीव टांगणीला लागतो, तीच धास्ती.

सोडवून आणण्याची अरबांची आणखी एक जुनी गोष्ट आहे, आणि ती पैगंबरांच्याच घरातली. त्यांचे आजोबा अब्दुल मुत्तलिब यांनी नवस केला होता, दहा मुलगे होऊन हाताशी आले तर एक काब्यापाशी बळी देईन. दहा झाले. चिठ्ठीचे बाण टाकले, नाव निघालं अब्दुल्लाहचं, लाडक्याचं. लोक आडवे आले. मग एका बाजूला मुलगा, एका बाजूला दहा उंट ठेवून बाण टाकले. मुलाचंच नाव आलं. वीस केले, तीस केले. दर वेळी मुलगाच. शंभर उंट झाले तेव्हा कुठं बाण उंटांकडं वळला. वाचलेल्या अब्दुल्लाहचा मुलगा म्हणजे मुहंमद पैगंबर. मला या गोष्टीत नेहमी तो म्हातारा दिसतो, दर वेळी आणखी दहा उंट पुढं ढकलणारा. बापाला किंमत परवडत होती म्हणून तो देत नव्हता. किंमत कुठं थांबते हेच त्याला माहीत नव्हतं.

त्या घरात जन्मलेल्या नातवानं किंमत कुठं आणून ठेवली बघा. बुरैदा नावाचे सहाबी सांगतात, इस्लामच्या आधी आम्ही मुलगा झाला की बकरं कापायचो आणि त्याचं रक्त बाळाच्या डोक्याला फासायचो. इस्लाम आल्यावर बकरं कापतो, डोकं भादरतो आणि रक्ताच्या जागी केशर लावतो. धर्म जुनी चाल सगळी मोडत नाही, सगळी ठेवतही नाही. सुरी ठेवली, रक्त पुसलं. शंभर उंटांच्या जागी एक बकरा आला आणि बकऱ्याच्या शेजारी चिमूटभर चांदी.

शुक्रवारी सकाळी न्हावीमामा आले. जुन्या रिवाजात अकीक्याच्या बकऱ्याची मुंडी न्हाव्याची आणि एक रान, म्हणजे मांडी, सुईणीची. म्हणजे बलुतंच. पण आमचे न्हावीमामा माळकरी, सेना महाराजांचं नाव घेऊन दिवस सुरू करणारे. मुंडीकडं ते कशाला बघतील? त्यांना नारळ, टॉवेल-टोपी आणि शिधा द्यायचं ठरलं होतं. त्यांनी नातीला माझ्या मांडीवर आडवं घेतलं, कोमट पाण्यानं डोकं भिजवलं. टाळू भरली नव्हती. पातळ कातडीखाली ती लकलक हलत होती, आणि वस्तरा तिच्या कडेकडेनं चालला होता. गावातल्या तीन पिढ्यांची डोकी हाताखालून गेलेला तो माणूस, पण टाळूपाशी आल्यावर त्याचा हात इतका हलका झाला की केस आपण होऊन गळताहेत असं वाटावं. विहीणबाई ओंजळीत पांढरा रुमाल धरून बसल्या होत्या. एकही केस खाली पडू दिला नाही त्यांनी. मग डोक्याला केशराचं पाणी लावलं. नात रडली नाही. शिंकली.

परसात बोकडाला पाणी पाजलं. बडे अब्बांचे नेम मला आठवत होते. सुरीला धार लावायची ती जनावरापासून लांब. सुरी त्याला दाखवायची नाही, पाठीमागं धरून जायचं. एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. ते म्हणायचे, जीव घ्यायची इजाजत आहे, घाबरवायची नाही. मुलाण्याच्या घरात जन्मून मी सुरी हातात धरली नाही. मास्तर झालो, मुलगा पुण्याला कॉम्प्युटरवर बसतो. बडे अब्बांची सुरी चुलतभावाकडं गेली, त्यानंच ती फिरवली. दुआ मुलीच्या बापानं म्हणायची असते. मुलानं कागद हातात धरला. या दुआत अल्लाहला सांगायचं असतं की हा अमकीचा अकीका. रक्ताच्या बदल्यात रक्त, मांसाच्या बदल्यात मांस, हाडाच्या बदल्यात हाड, कातडीच्या बदल्यात कातडी, केसांच्या बदल्यात केस. मध्ये बाळाचं नाव घ्यायचं. तोवर आम्ही तिला नुसतं छकुली म्हणत होतो. तिचं नाव पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं गेलं ते त्या काळ्या बोकडाच्या कानाजवळ. मुलाचा आवाज तिथं फाटला.

मी सुशिक्षित माणूस आहे. खुदाला रक्तमांस पोचत नाही, पोचते ती माणसाची धर्मनिष्ठा, हे कुराणात सांगितलंय आणि मी ते सांगतही असतो. तरी त्या क्षणाला बोकडाच्या डोळ्यात मी पाहिलं आणि मनात आलं, या सौद्यात याला कुणी विचारलं नाही. याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि ज्यांच्याकडं ते तयार असतं त्यांची मला जरा भीती वाटते. आमची अम्मी माझ्या मुलाच्या अकीक्याला जेवली नव्हती. जुन्या बायका म्हणायच्या, आईबाप आणि आजी-आजोबांनी ते मटण खायचं नाही. मौलवी म्हणतात, याला काही आधार नाही, खुशाल खा. अम्मीनं मौलवींचं ऐकून घेतलं आणि भाकरीवर ठेचा घेऊन बसली. “लेकराच्या बदल्यात दिलेलं. ते माझ्या घशाखाली कसं जाईल?” तिची अडचण शरियतीत बसत नसेल, पण बोकडाची आठवण ठेवणारी घरात ती एकटीच होती.

स्वयंपाकावर विहीणबाईंचं राज्य होतं. हाडं फोडायची नाहीत, असा हुकूम. शाफईंत अकीक्याचं जनावर सांध्यासांध्यावर सोडवतात, म्हणजे मुलाचे हातपाय धड राहतात असा शकुन. इमाम मालिकांना हे मान्य नव्हतं, आमच्या चुलतभावालाही नव्हतं. “आख्खी नळी पातेल्यात बसायची कशी?” तो कुरकुरत होता आणि सुरीच्या टोकानं सांधे शोधत होता. त्याच्या आयुष्यात एवढ्या हळुवारपणे त्यानं बकरं कधी सोडवलं नसेल. दुसरा शकुन, मटणात काही तरी गोड पाहिजे, म्हणजे मूल गोड स्वभावाचं होतं. आमच्या साताऱ्याकडच्या कांदाखोबऱ्याच्या वाटणात त्यांनी पाच नारळांचं दूध ओतलं. आमच्या भावकीनं पहिल्या घासाला भुवया उंचावल्या आणि दुसऱ्यांदा वाटी पुढं केली.

उरली सुईणीची रान. नात जन्मली दवाखान्यात, तिथं कुणाच्या हाती द्यायची? मला या जगात आणणारी सुईण आमच्या गावच्या मांगवाड्यातली. ती कधीच गेली. तिची नात आशाताई आहे. सुनेला नऊ महिने गोळ्या आणून देणारी, तपासणीच्या तारखा लक्षात ठेवणारी तीच. मी स्वतः डबा घेऊन गेलो. तिला वाटलं, पंगतीचं जेवण आणलंय. “ही तुझ्या आजीची बाकी आहे,” म्हटलं. तिनं डबा घेतला आणि लगेच विचारलं, “बाळाचा डोस कधीय, म्हायतीय ना?”

तिसऱ्या प्रहरी मुलगा, विहीणबाई आणि मी, रुमाल घेऊन सोनाराच्या दुकानात गेलो. पेठेतलं जुनं दुकान. सोनारशेठ माझे वर्गमित्र. रुमाल उलगडला तेव्हा मऊ, भुरकट, धुरासारखा पुंजका दिसला. “हे तोलायचंय?” त्यांनी विचारलं आणि दुसरा प्रश्न न विचारता काचेच्या पेटीचं दार उघडलं. आकडा ठरेना. पुढं जाई, मागं येई. त्यांनी पंखा बंद केला. तरी काटा थरथरतच होता. मग ते म्हणाले, “जरा श्वास धरा सगळ्यांनी.”

आम्ही चौघांनी श्वास धरला. रस्त्यावरची एक रिक्षा गेली. आकडा थांबला. “एक ग्रॅम, शून्य नऊ,” शेठ म्हणाले, आणि माझ्यासाठी जुन्या मापात, “नऊ गुंजा धर.” त्यांनी कात्रीनं चांदीच्या पट्टीचा तुकडा काढला, पुन्हा तोलला, केसभर जास्तच ठेवला. मुलगा म्हणत होता, एवढ्याशा चांदीपेक्षा हजार रुपये देऊन टाकू कुणाला तरी. मी म्हटलं, हजार वेगळे दे. ही चांदी वेगळी. कृष्णाची तुला झाली तेव्हा सत्यभामेचे दागिने कमी पडले आणि तुळशीचं पान भारी झालं, ही गोष्ट मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितली होती. तिचा अर्थ मला त्या बंद पंख्याखाली कळला. नऊ गुंजा वजनासाठी चार मोठी माणसं श्वास रोखून उभी राहतात. तिथं मुलगा-मुलगी हा रकानाच नसतो. काट्यावर असतं ते नुसतं जावळ.

घरी आलो तेव्हा सून नातीला पाजून बसली होती. नातीचं गुळगुळीत डोकं केशरानं पिवळसर झालं होतं. मी चांदीचा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. उद्या तो गरजूच्या हाती जायचा होता.

“एवढंच?” ती म्हणाली.

“एवढंच. फातिमाबीबीनंही एवढंच दिलं. मुलांचं आणि मुलींचं.” आणि मग मी रात्री वाचलेलं सगळं सांगितलं, बोकडांच्या आकड्यासकट, माझ्याजवळ उत्तर नाही हेही.

तिनं तुकडा बोटांनी उलटसुलट केला. मग नवऱ्याकडं मानेनं खूण करून विचारलं, “यांचं किती भरलं होतं?”

मी आठवून पाहिलं. त्याच्या अकीक्याला दोन बोकडं होती, दीडशे पान उठलं होतं, रात्री कव्वाली झाली होती. केसांचं काय केलं? न्हाव्यानं झाडले, कुणी तरी गोळा केले, नदीला सोडले असतील.

“त्याचं,” मी म्हणालो, “कुणी तोललंच नव्हतं.”